चांगुणा मावशी, जामीनदार

चांगुणा मावशी,

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर लोकांची अपेक्षा असते की मी आईवडिलांचं नाव घेईन, नाहीतर मुरबाडच्या शाळेतल्या एखाद्या सरांचं. मी तुझं घेतो. मग समोरचा विचारतो, "या कोण?" मी सांगतो, "डोंबिवलीच्या आमच्या घरमालकीण." तो हसतो. घरमालकिणीचे उपकार मानणारा भाडेकरू त्याने डोंबिवलीत पाहिलेला नसतो.

परवा तुझं दहावं झालं. खाडीच्या कडेला पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरायला लागलो, तोच कावळा शिवला. पाय मागे घ्यायलाही त्याने वेळ दिला नाही. तुझा मुलगा बाळाराम म्हणाला, "आयचं काय राह्यलं नवतं." तुझी सून सुरेखावहिनी पदराने नाक पुसत म्हणाली, "राह्यलं असतं तं ती गेलीच नसती." बायका रडता रडता हसल्या. मीही हसलो. वहिनी बोलली ते खोटं नव्हतं.

तू आमच्या कोळीवाड्याची धवलारीण, लग्नातले धवले गाणारी. लग्नात भटजी यायच्या आधीपासून तुझं काम सुरू व्हायचं. मांडवात उंबराची फांदी रोवली की तू पाटावर बसायचीस आणि धवला धरायचीस: देवांना बोलवायचीस, खाडीला बोलवायचीस, दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलवायचीस. मासळी विकून विकून बसलेला तुझा तो खर्जातला आवाज. त्याशिवाय हळद लागली असं गावात कुणी मानायचं नाही. आणि तुझ्या सासूने तुला धवला शिकवताना एक अट घातलेली: जिच्या डोक्यावर कुणाचं देणं आहे, तिने धवला धरायचा नाही, नवरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या नाहीत. तो आशीर्वाद लागत नाही.

म्हणून तुळशीचं लग्न लागायच्या आत तू देणी फेडत फिरायचीस. बर्फवाला, वाणी, होडीवाल्याचा वाटा. एका वर्षी तू आमच्या खोलीच्या दारात आलीस आणि बाबांच्या हातात अर्धी काडेपेटी ठेवलीस.

बाबा म्हणाले, "अहो चांगुणाबाय, मी काय काड्या मोजून दिलेल्या?"

"तुमी नाय मोजल्या. मी मोजल्या."

ही बाई माझ्यासाठी जामीन राहिली, आणि माझ्या कर्जापायी हिचं नाव थकबाकीदार म्हणून चावडीवर लागलं.

ऐंशी साल उलटून दोनेक वर्षं झाली असतील. मी मुरबाडला बारावी झालो आणि कॉलेजसाठी बाबांकडे राहायला आलो. बाबा एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात हेल्पर. तुझ्या तीन खोल्यांपैकी मधली त्यांच्याकडे. संध्याकाळी त्यांचे कपडे दोरीवर टाकले की दोरीखालची माती जांभळी व्हायची आणि तू ओरडायचीस, "ओ पाव्हणं, माझ्या कोंबड्या होली खेलतान!" आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मला सरकारची कर्ज शिष्यवृत्ती मंजूर झाली. आम्ही सगळे तिला स्कॉलरशिपच म्हणायचो, पण ते कर्ज होतं. नोकरी लागली की फेडायचं, आणि त्याला स्वतःच्या नावावर मिळकत असलेला जामीनदार हवा.

बाबांनी कारखान्यातल्या सुपरवायझरला विचारलं, कल्याणच्या आमच्या एका नातेवाईकाला विचारलं. दोघांनी चहा पाजून परत पाठवलं. तुला विचारायचं बाबांच्या मनातही नव्हतं. पण आपल्या मधली भिंत अशी की बाबांचा उसासा थेट तुझ्या चुलीपर्यंत जायचा. तू ओल्या हातांनी आत आलीस. मनगटाला मासळीचे खवले तसेच होते.

"कागद कुठं हाय?"

"मावशी, आधी वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"वाचून काय? तू नाय भरलंस तं मी भराचं, हेच लिवलंय ना?"

"हो."

"मंग मना म्हायती हाय."

बाबा म्हणाले, "चांगुणाबाय, घरावर येईल."

"येऊ दे. घर कं पलून जातंय?"

कल्याणच्या कचेरीत साहेबांसमोर सही करायची होती. प्रौढ वर्गात तू तुझं नाव लिहायला शिकलेलीस, तेवढंच. 'चांगु'पर्यंत बरं गेलं आणि 'णा'वर पेन अडलं. रांग खोळंबली. कारकून म्हणाला, "आजी, अंगठा चालतो." तू मान वर न करता म्हणालीस, "माझा अंगठा बोंबील साफ कराला हाय." आणि 'णा' पूर्ण केलास. बाहेर येऊन आपण उसाचा रस प्यालो. पैसे तू दिलेस, आणि मला दम भरलास की हे उसने नाहीत, हे फुकट आहेत, उगाच परत द्यायला येऊ नको.

मी बी. एस्सी. झालो, बी. एड. झालो, मुरबाडकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो. बाबा कारखान्यातून सुटले आणि गावी आले. आमची खोली दुसऱ्याला गेली. मी दिवाळीत आणि गौरीला तुझ्याकडे येत राहिलो. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरल्यापासून निवट्या माशांना औषधाचा वास येतो, अशी तुझी तक्रार, आणि तरी माझ्यासाठी निवट्यांचं कालवण ठरलेलं.

कर्जाचं काय, असं तू एकदाही विचारलं नाहीस. मला स्वतःला काळजी नव्हती, कारण आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना पाठ होतं: शिक्षक झालेल्याचं कर्ज दरवर्षी दहावा हिस्सा माफ होतं, दहा वर्षं शिकवलं की पाटी कोरी. नियम खरा होता. पण त्यासाठी दरवर्षी मुख्याध्यापकांचा दाखला ठाण्याच्या ऑफिसात पोचवायचा असतो, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे आम्ही पहिल्या पिढीतले शिकलेले. घरी विचारावं असं कुणी नाही, आणि सरकारनेच माफ केलंय म्हटल्यावर सरकारलाच कळवायचं कशाला, असा आमचा हिशेब.

ऑफिसकडून पत्रं गेली ती बाबांच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर आणि तुझ्या घराच्या जुन्या नंबरावर. दरम्यान गाव महापालिकेत गेलेलं, नंबर बदललेले. पत्रं परत गेली आणि कागद ठाण्याहून कल्याणच्या तहसीलदारांकडे आला, शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करतात तशी वसुली करायला. तिथून तलाठी थेट तुझ्या दारात.

मला सुरेखावहिनीचं पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं: "तलाठी येऊन गेला. आय गात नाही." पहिलं मी घरपट्टीचं काहीतरी समजलो. दुसऱ्यावरून वाटलं तुझा घसा बसलाय. मी ज्येष्ठमध आणि खडीसाखर घेऊन आलो, मावशी! तू ती पुडी हुंगलीस आणि म्हणालीस, "घसा बरा हाय माझा. बस, जेव आधी."

जेवण झाल्यावर वहिनीने सगळं सांगितलं. तलाठीभाऊसाहेबांनी कागद वाचला आणि विचारलं, "बाई, हा मुलगा तुमचा कोण?"

"भारेकरूचा पोर."

"नात्यातला नाही. जातीतलाही दिसत नाही. आणि जामीन राहिलात?"

"भाऊसाहेब, तुमी पैसे विचाराला आलाव, का सोयरीक जुलवाला?"

कोतवाल तोंड फिरवून हसला म्हणे. पण पंचनाम्यात टीव्ही आणि कपाट लागलं, शिमग्यापर्यंत भरणा न झाल्यास घर, असं सांगून ते गेले. दुसऱ्या दिवशी चावडीवर कागद डकवला. त्यावर तुझं नाव. त्याच आठवड्यात वरच्या आळीतून हळदीचं बोलावणं आलं आणि तू ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलंस. त्यांनी दुसऱ्या गावची धवलारीण आणली. तू घरात बसून जाळ्याची भोकं सांधत राहिलीस, आणि दारापर्यंत येणारा तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा केलास. टीव्हीला हात लावला नाहीस. तो आता आपला नाही म्हणालीस.

माझ्याकडे यातलं काही पोचवायचं नाही, अशी तुझी वहिनीला ताकीद होती. तिने ती मोडली. तिचेही उपकार आहेत.

मी मुरबाडला जाऊन वर्षावर्षाचे दाखले घेतले आणि ठाण्याला गेलो. पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका भल्या बाईंनी कागद हातात घेतले. तोवरच्या नोकरीचे सहा हिस्से माफ झाले. तहसीलदारांना तसं पत्र निघालं, जप्ती उठली, चावडीवरून नाव निघणार हे ठरलं. उरलेले चार हिस्से मी अजून चार वर्षं शिकवून वजा करू शकत होतो, फक्त दाखला वेळेवर द्यायचा. मी ठाण्याहून घरी न जाता डोंबिवलीला तुझ्याकडे उतरलो. वाटेत पेढे घेतले.

तू पेढा हातात धरून विचारलंस, "म्हंजे आथां माझ्या डोक्यावर काय नाय?"

"नाही. म्हणजे जामीन आहेस अजून. पण थकबाकीदार नाहीस."

"चार वर्सं?"

"चारच. एक पैसा न भरता सगळं संपेल."

तू पेढा परत बॉक्समध्ये ठेवलास. "मंग चार वर्सांनी गाईन."

मावशी, आपलं ते भांडण कधी संपलंच नाही. मी तुला समजावत होतो की सरकारचाच नियम आहे, पोरांना शिकवणं हीच फेड आहे, मी काही बुडवत नाहीये. तू म्हणत होतीस, तुझं बरोबर आहे. मी म्हणालो, येत्या मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे, हातात पैसा नाही, आणि जे आपसूक जाणार ते भरायचं कशाला? तू म्हणालीस, तेही बरोबर आहे. "मग गा ना!" मी ओरडलो. तू शांतपणे म्हणालीस, "मी तुला भर बोलली कं? तुझं तू बग. माझं मी बगते. सासूला मी सबूद दिलाय, सरकारला नाय."

तू रागावली असतीस तर मला सोपं गेलं असतं. मी रागावून निघालो आणि तू मागून डबा दिलास.

आजही मला वाटतं नियमाच्या बाजूने मीच बरोबर होतो. आणि आजही मला ठाऊक आहे की तू चार वर्षं खरंच गप्प राहिली असतीस, आणि गावातल्या प्रत्येक लग्नाला घरात बसून रेडिओ मोठा केला असतास. घरी आल्यावर बाबा सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "मिलिंदा, सही करताना तिने आपल्याला विचारलेलं का, किती वर्षं?"

मग मी आमच्या शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढायचं ठरवलं, तुझ्या जामिनाचं उरलेलं एकरकमी भरून टाकायला. त्याला दोन जामीनदार लागतात. एक सहकारी तयार झाला. दुसऱ्याने सही करतो म्हणून ऐनवेळी बायकोला विचारलं. थोडा उशीर होईल हे सांगायला मी तुझ्याकडे आलो, तर तू जाळं बाजूला ठेवलंस.

"दुसरा जामीन मिलत नाय? मी हाय ना."

वहिनीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. ती पोट धरून हसत सुटली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "मावशी, एवढं होऊन तुला अजून कळत नाही का?"

"कललं म्हनून तं बोलते. तवा मना काय म्हायती नवतं, तरी केली सही. आथां सगलं म्हायती हाय."

मास्तराला उत्तर सुचलं नाही की तो नियम सांगतो. मी म्हणालो, "पतपेढीला सभासद शिक्षकच जामीन चालतो."

"मंग मास्तर कराचं ना मना! 'णा' येतो की आथां चांगला."

तेव्हा मात्र मीही हसलो. पण बसमध्ये बसल्यावर, शहाडचा पूल ओलांडताना, मला रडू आलं. शेजारच्या माणसाने खिडकी लावून घेतली, त्याला वाटलं धूळ गेली डोळ्यात.

शेवटी आमच्या मुख्याध्यापकांनीच सही दिली. बहिणीचं लग्न बाबांनी शाळेच्या पटांगणात लावलं. भाड्याच्या खुर्च्या, बुंदी आणि भात. कुणाचं काही अडलं नाही. कर्जाचे पैसे मी कल्याणच्या कचेरीत भरले, आणि परीक्षा चालू असल्यामुळे तुझ्याकडे न येता तुला पत्र पाठवलं.

त्यानंतर तू कितीतरी मांडवांत गायलीस. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी बाळारामच्या मुलीची हळद होती. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसलेलो. तू घरच्या गेलेल्या माणसांना बोलावत होतीस: सासरा, सासू, नवरा, दीर. सगळे संपले असं वाटलं आणि तू त्याच सुरात माझ्या बाबांचं नाव घेतलंस, मधल्या खोलीतले म्हणून. बायकांनी ते तसंच मागून म्हटलं, जणू ते कायम तिथेच होतं. आम्ही बौद्ध, आमच्यात धवला नसतो, पूर्वजांना कुणी मांडवात बोलवत नाही. बाबांना काय वाटलं असतं याचा मी नंतर खूप विचार केला. आधी हसले असते. मग शर्ट बदलून आले असते, असं मला वाटतं.

त्या दिवशी जेवताना तू मला जास्तीचा भात वाढलास.

पत्र पाठवायच्या आधी कच्चं लिहून काढायची मला सवय आहे, म्हणून कचेरीत पैसे भरल्यावर पाठवलेल्या त्या पत्राचा मजकूर माझ्याकडे राहिला. तो जसाच्या तसा खाली देतो.

तीर्थस्वरूप मावशीस,

मिलिंदचा सप्रेम जयभीम.

सुरेखावहिनी, हे पत्र सावकाश वाचून दाखवा. मधे स्वतःचं काही घालू नका.

मावशी, काल कल्याणला जाऊन उरलेले सगळे पैसे भरले. पावती घेतली. तहसीलच्या बाईंनी माझ्यासमोर जामिनाच्या कागदावर शिक्का मारला. तो कागद आता संपला. तुझ्या घरावर, टीव्हीवर, कपाटावर कुणाचा काही हक्क नाही. तलाठीभाऊसाहेब येऊन चावडीवरचा कागद काढतील. नाही काढला तर बाळारामदादाने स्वतः काढू नये, मला कळवावं, मी येईन.

आता तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. शनिवारी होडीवाल्यांच्या घरी हळद आहे असं वहिनीने कळवलं होतं. त्यांनी दुसऱ्या धवलारणीला सांगितलं असेल तर असू दे, तू जाऊन बस. त्या तुला पाट देतील.

पतपेढीचं कर्ज माझं आहे. त्याची काळजी तू करायची नाही. ते पगारातून कापलं जातं, विसरायची सोयच नाही.

त्या दिवशी तू पुन्हा सही करायला निघालीस तेव्हा मी तुझ्यावर आवाज चढवला. घरी आल्यावर ठरवलं होतं की तुझ्याकडून शब्द घ्यायचा, यापुढे कुणाच्याच कागदावर सही करायची नाही. हे पत्र त्यासाठीच लिहायला बसलो होतो. पण तुझ्या खोल्यांत भाडेकरू येत राहणार, त्यांची पोरं शिकणार, आणि त्यांच्यासाठी चहा पाजून परत पाठवणारी माणसं पुष्कळ आहेत. तेव्हा तो शब्द मी मागत नाही. एवढंच कर. कुणी पोरगा किंवा पोरगी कागद घेऊन आली तर तिला आधी माझ्याकडे मुरबाडला पाठव. एसटीचे पैसे मी देईन. कुठला दाखला कोणत्या महिन्यात कुठे द्यायचा, हे मी तिला नीट समजावून सांगेन, आणि दरवर्षी आठवण करीन.

मग तू सही कर.

तुझा,
मिलिंद